आठशे दहा नंबरचा उजेड

उजेडाला नंबर असतोय हे मला कागलच्या एमआयडीसीत कामाला लागल्यावर कळलं. तवर उजेड म्हंजे एक तर हाय, न्हायतर न्हाय, एवढंच ठावं. शाळा आठवीत सुटली, लग्न झालं, पोरगी झाली, आणि पोरगी भिंत धरून चालाय लागली तवाच आमच्या मालकांची गाडी हायवेला घसरली. कुत्रं आडवं आलं म्हणतात. डोकं दुभाजकावर आपटलं. माणूस जगला, पण परत आला न्हाय. घरात हाय, कॉटवर खिडकीपाशी बसलेला हाय, हातात घास दिला तर खातोय, तरी न्हाय.

पहिलं असं नव्हतं. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, सारख्या म्हणायच्या, "ह्याच्या जिभंला हाड न्हाय, सकाळी सुरू झाला की झोपंपर्यंत पट्टा चालू." कंपनीत मशीन चालवायचे, तिथली चेष्टामस्करी घरी येऊन सांगायचे, शिवाजी पेठंत फुटबॉल मॅचचा दिवस असला की तालमीपुढं उभारून दुसऱ्या पेठंच्या पोरांची खिल्ली उडवायचे. मी भांडी घासत ऐकायचो आणि मधीच म्हणायचो, जरा दम खावा की. आता खिडकीखालनं पोरं झेंडे घिऊन बोंबलत जातात आणि हे मान पण वळवत न्हाईत. सुरवातीला दोस्त यायचे, "काय लेका, कवा उठतोयस?" म्हणायचे, मग आपलं आपणच बोलून बोलून तेबी दमले आणि यायचे थांबले. बाया दारातनं विचारायच्या, काय म्हणतात मालक? मी म्हणायचो, बरं हाय. एवढं बोलून झालं की दिवसभराचं माझं बोलणं संपायचं. आत्याबाई गावाकडनं येऊन आमच्यातच राहिलत्या, पण त्या लेकाकडं बघून रडायच्या आणि माझ्याकडं बघून गप्प व्हायच्या.

ऑपरेशनच्या टायमाला डॉक्टर म्हणालते, मेंदूला सूज हाय, फुगायला जागा पायजे, म्हणून डाव्या बाजूचं तळहाताएवढं हाड काढून ठेवलंय. कुठं ठेवलंय म्हटल्यावर म्हणाले, त्यांच्याच पोटात, कातड्याखाली, तिथं चांगलं राहतं, सूज उतरली की परत बसवू. मला वाटलं चेष्टा कराल्यात. पण खरंच, आंघोळ घालताना पोटावरनं हात फिरवला की कडेला बशीसारखं काय तर लागायचं. आणि डोक्याला त्या जागी खड्डा. नुसतं कातडं, आणि कातड्याखाली धडधड. पोरगीची टाळू भरायचो की मी, तळव्यावर तेल घिऊन, तवा तिची टाळू उडायची, अगदी तशीच ही जागा उडायची. पोरगीची टाळू भरून आली आणि बापाची उघडी पडली. तिथं हात लावाय मला भ्या वाटायचं आणि लावल्याशिवाय राहवायचं बी न्हाय, कारण सगळ्या अंगात तेवढीच एक जागा माझ्याशी काय तर बोलाली असं वाटायचं.

सूज उतरली. दवाखान्यातनं बोलावणं आलं. आम्ही गेलो न्हाय. मामंजी, म्हंजे सासरे, गडहिंग्लजकडं गावात राहतात, ते फोनवर म्हणाले, "एकदा कापलं तर पोरगा मुका झाला. परत कापलं तर काय उरंल? बसल्या जागी तरी हाय न्हवं?" मी काय बोललो न्हाय. त्यांचं पटलं म्हणून न्हाय, मी त्यांच्यापेक्षा जास्त भ्यालतो म्हणून. परत ते दार, परत ती हिरवी कापडं, परत ती सही. नुसता इचार आला की श्वास वरच्यावर अडकायचा, छातीच्या खाली जायचाच न्हाय.

अशात शेजारची एक बाई म्हणाली, कागलच्या एमआयडीसीत एक बारकी कंपनी हाय, तिथं बाया पायजेत, गाडी न्यायला येती. काय करायचं असतंय म्हटलं तर म्हणाली, टोप्या करतात, डोक्यावर घालायच्या, आतनं उजेड पडतोय मेंदूत, म्हणं. मी आत्याबाईंना सांगितलं, कामाला जातो. का जातो ते कुणालाच सांगितलं न्हाय. मला पगाराचं काय एवढं नव्हतं, म्हंजे हुतंच, पण खरं कारण ती टोपी. कापायचं न्हाय, टाके न्हाईत, सही न्हाय. नुसता उजेड. असं काय असंल तर ते मला ह्यांच्या डोक्यावर ठेवायचं हुतं.

पहिल्या दिवशी आत गेलो आणि म्हटलं, "मी आलो, साहेब." तिथला इंजिनिअर पुण्याचा, कवळाच पोरगा, माझ्या भावाच्या वयाचा. त्यानं माझ्या मागं बघितलं.

"कोण आलो?"

"मीच की."

शेजारी एक वयस्क मावशी सोल्डरिंग कराय बसलेली, कागलचीच, डोक्यावर ओढणी, तोंडात पान. ती हसाय लागली. "साहेब, आमच्याकडं बायाबी आलो-गेलोच म्हणतात. तुमच्या पुण्यात आले-गेले. तुमचं नाजूक, आमचं डायरेक."

मला काम दिलं बारके दिवे तपासायचं. गव्हाच्या दाण्याएवढे दिवे, एका पट्टीवर लाइनीत बसवलेले, वायर जोडायची, लागला तर ह्या ट्रेत, न लागला तर त्या ट्रेत. मी वायर जोडली. न्हाय लागला. दुसरा. न्हाय लागला. सकाळभर मी मान मोडून बसलो आणि सगळेच्या सगळे बाद करून टाकले. मनात म्हटलं, पहिल्याच दिवशी माझ्या वाट्याला नासका माल आला, आता मला काढून टाकतील.

साहेब आला, ट्रे बघितला, डोळे मोठे केले. "ताई, हे सगळे बंद?"

"एकबी लागत न्हाय, साहेब. बघा की."

मावशीनं मान खाली घातली, तिचे खांदे हलाले हुते. तिला म्हाईत हुतं, सकाळपास्नं बघत बसली आणि सांगितलं न्हाय. साहेबानं खिशातला फोन काढला, कॅमेरा लावला, माझ्या हातातल्या पट्टीवर धरला आणि म्हणाला, इथं बघा. फोनमध्ये ते दिवे लागलेले. जांभळट पांढरे, एका लाइनीत, सणाला लावल्यासारखे. फोन बाजूला केला की काय न्हाय, काळे दाणे. फोन धरला की लागलेले.

"हा उजेड डोळ्याला दिसत नाही," तो म्हणाला. "लाल असतो ना, त्याच्या पलीकडचा आहे."

सकाळपास्नं मी लागलेल्या दिव्यांना बंद म्हणत हुतो. एकेक उचलून बाजूला टाकलेला.

साहेबाच्या टेबलावर चार जातीच्या पट्ट्या हुत्या, आणि प्रत्येकीवर आकडा. सहाशे साठ, आठशे दहा, नऊशे ऐंशी, हजार सत्तर. टोपीत ह्यातली कुठली बसवायची ते अजून ठरायचं हुतं आणि तेच त्याचं काम. मी आठवडाभर ते आकडे बघत हुतो आणि माझं मनात ठरलंतं, हजार सत्तर. मोटार पाच एचपीची आणि दहा एचपीची असली तर दहाचीच पाणी लांब मारती. एक दिवस धीर करून म्हटलं, "साहेब, सगळ्यात मोठा आकडा हाय की हा, मग हाच घ्यायचा न्हवं? जोर जास्त."

तो हसला न्हाय, हे मला बरं वाटलं. म्हणाला, "आकडा म्हणजे जोर नाही, ताई. जोर वेगळा मोजतात. उजेड म्हणजे लाट असते, आणि हा आकडा त्या लाटेची लांबी आहे. कुठली लाट कशातून जाते, कशात अडकते, एवढंच त्यावरून कळतं."

मी म्हटलं, "म्हंजे मशीनच्या सुईसारखं? मी पहिलं ब्लाउज शिवायचो. सुईला नंबर असतोय. अठरा नंबर सोळापेक्षा चांगली असं न्हाय, जाड कापडाला अठरा, पातळाला अकरा. पातळाला अठरा घातली की कापड फाटतंय."

"मग इथं कापड म्हणजे डोकं," तो म्हणाला. "कातडं, हाड, मग पाणी, मग मेंदू. एवढ्यातून जायचंय."

तो काम करता करता आपल्याशीच बोलायचा आणि मी दिवे जोडत कान तिकडं लावायचो. सहाशे साठचा लाल, डोळ्याला दिसतो, लोकांना तोच आवडतो, पण कातड्यातच दमतो. नऊशे ऐंशीचा पाण्यात मुरतो आणि गरम करतो, आणि माणसाच्या अंगात पाणी काय कमी हाय? हजार सत्तरचा आतपर्यंत जातो म्हणतात, पण तेवढा उजेड काढायला करंट लई खातोय आणि टोपी तापती. आठशे दहाचा मधला. मी घरी जाऊन भाकरी थापताना मनातल्या मनात म्हणायचो, सहाशे साठ कातड्यात, नऊशे ऐंशी पाण्यात. कॉटवर मालक बसलेले. वाटायचं त्यांना सांगावं. एकदा सांगितलं पण, सगळं, सुईसकट. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. हे पहिल्यासारखे असते तर म्हणाले असते, आठवी पास आणि मेंदूची डॉक्टर झालीस व्हय गं. मी तेबी त्यांच्या वाटचं मनात म्हणून घेतलं.

मग साहेब म्हणाला, पुस्तकातलं मी वाचलंय, पण मला आपल्या मीटरवर बघायचंय, खऱ्या हाडातून किती जातो. माणसाची कवटी कुठनं आणणार, बोकडाची चालंल. कोण आणंल? मावशी म्हणाली, माझ्याकडं बघून, "ही आणंल की, पेठंत ह्यांच्या दारातच खाटीक हाय."

साहेब म्हणाला, "वरचा भाग, मेंदू काढून. आणि कच्ची आणा हं, ताई."

सकाळी खाटकाकडं गेलो. तो म्हणाला, "आज काय मुंडीचा रस्सा? पावणं आल्यात काय?" मी म्हटलं, "न्हाय, कंपनीत न्यायचीय." त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की कंपनीत आता हे बी चालतंय व्हय. मी म्हटलं, भेजा काढून दे, वरची कवटी फोडू नगंस, आणि साफ करून दे. त्यानं नेहमीसारखी मुंडी जाळावर धरली, केस जाळले, सुरीनं खरवडली, पिशवीत घालून दिली. गाडीत सगळ्या बाया नाक धरून बसल्या, "कोण गं रस्सा घिऊन आलंय?"

साहेबानं मुंडी उचलताना तोंड फिरवलं. घरात कवा मटण शिजलेलं न्हाय त्याच्या. पण केलं बिचाऱ्यानं. आतल्या बाजूनं मीटरचा डोळा बसवला, वरनं पट्टी धरली, काळं कापड टाकलं. सहाशे साठ लावला. मीटर हललं न्हाय. आठशे दहा. न्हाय. नऊशे ऐंशी. हजार सत्तर. काय न्हाय. त्यानं वायरी बदलल्या, मीटर बदललं, फोन धरून दिवे लागल्यात का बघितलं, लागलेले. मग स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काहीच जात नाही. कसं शक्य आहे?"

तो उदास झाला. मी भिंतीला टेकून उभी राहिलो. कशातनंच जात न्हाय. म्हंजे टोपी ही नुसती टोपी. आणि ह्यांच्यापर्यंत जायचा जो एक बिनकापायचा रस्ता मला दिसलेला, तो रस्ता नव्हताच. बाहेर गाडीचे हॉर्न, आत मशीनचा आवाज, सगळं चालू, आणि मला वाटालं की ह्या जगात मी एकटीच उभी हाय, एका बोकडाच्या मुंडीपुढं.

साहेबानं मुंडीवरनं बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यानं ते बोट मला दाखवलं. "हे काय आहे?"

"भाजलंय न्हवं, साहेब. केस जाळून देतात."

"मी कच्ची सांगितली होती."

"कच्चीच हाय की. शिजवली कुठं?"

मावशीच्या तोंडातलं पान बाहेर यायचं बाकी राहिलं. साहेब पहिल्यांदा माझ्याकडं, मग बोटाकडं, मग मुंडीकडं बघत राहिला, आणि मग तोबी हसाय लागला, डोळ्यातनं पाणी येईपर्यंत. त्याला म्हाईतच नव्हतं की आमच्यात मुंडी म्हटली की भाजलेलीच, आणि मला म्हाईत नव्हतं की पुण्यात कच्ची म्हंजे न भाजलेली. वरचं काळं झालेलं कातडंच सगळा उजेड गिळालं हुतं. काळ्या कपड्यात उन्हाचं कसं हुतंय, तसं. मी हसलो न्हाय, मला हसाय यायला वेळ लागला. मी आधी पदरानं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी दुसरी मुंडी नेली. खाटकाला म्हटलं, भाजू नगंस, वस्तऱ्यानं केस काढ. तो म्हणाला, "हजामत करून देऊ? पावडर लावू?" मी म्हटलं, दे गप.

ह्यावेळी मीटर हललं. सहाशे साठला जरासं. नऊशे ऐंशीला थोडं, पण कातडं कोमट झालेलं, मी बोट लावून बघितलं. आठशे दहाला आणि हजार सत्तरला चांगलं, दोघांत फार फरक न्हाय, आणि हजार सत्तरची पट्टी धरून धरून साहेबाचा हात पोळाला. मी इचारलं, "पोचला, साहेब?"

"पोचला. पण ताई, घागर ओतली आणि आत थेंब गेला असं समजा."

"थेंब तर गेला."

"थेंब गेला," तो म्हणाला. "त्या थेंबानं काय होतं, ते मी सांगू शकत नाही. काही डॉक्टर म्हणतात, पेशींना जोर येतो. काही म्हणतात, अजून बघायला पाहिजे. मी फक्त पोचतो का तेवढंच बघतोय."

मी फक्त थेंब एवढंच ऐकलं. त्या दिवशी गाडीतनं येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकलो, अर्धा तास, आणि मला राग आला न्हाय. मी मनात टोपी ह्यांच्या डोक्यावर घालून बघत हुतो. दिसणार न्हाय काय, बंद हाय असं वाटंल, पण फोन धरला की लागलेली दिसंल, आणि मी पोरगीला दाखवीन, बघ पप्पांच्या डोक्यात दिवे लागल्यात.

आठशे दहा ठरलं. साहेबानं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ ओढली. सगळे चहाला गेले तवा मी मागं राहिलो. म्हटलं, "साहेब, एक टोपी मला पायजे. घरी न्यायला न्हाय, इथं बसून लावली तरी चालंल. आमच्या मालकांना." आणि मग मी एका दमात सगळं सांगितलं, कुत्रं, दुभाजक, खिडकी, सगळं, मधी थांबलो न्हाय, थांबलो असतो तर बोलाय आलं नसतं. शेवटाला म्हटलं, "आणि त्यांचं तर सोपंच हाय, साहेब. तुमची सगळी मारामारी हाडाशी. त्यांच्या डोक्याला डाव्या बाजूला हाडच न्हाय. तिथनं सरळ आत जाईल. थेंब न्हाय, धार जाईल."

साहेबानं हातातला खडू खाली ठेवला.

"हाड नाही म्हणजे?"

"काढलंय. पोटात हाय."

त्यानं खुर्ची ओढली, मला बसाय लावलं, आणि आपण उभाच राहिला. "नाही, ताई. त्यांना नाही लावायची."

"का? धार जाईल की."

"म्हणूनच नाही. आपण जे मोजलं ते हाडातून मोजलं. हाड बहुतेक सगळं अडवतं, हे धरून जोर ठरवला. जिथं हाडच नाही तिथं किती जाईल, आतलं किती तापेल, मी मोजलेलं नाही. तुम्हीच म्हणालात ना, पातळ कापडाला जाड सुई घातली की फाटतं."

मला त्याचा राग आला. माझंच बोलणं मला परत देतोय. मी म्हटलं, "मग मोजा की. दुसरी मुंडी आणतो, हाड काढून आणतो."

"बोकड वेगळा, माणूस वेगळा." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "ताई, पण हाड अजून बसवलं का नाही? सूज उतरली असेल ना?"

मी ट्रेतली पट्टी सरळ करत बसलो.

"डॉक्टर काय म्हणाले? फार दिवस ठेवलं तर पोटात ते झिजतं, असं ऐकलंय मी. विचारून बघा. मी डॉक्टर नाही, पण विचारून बघा."

मला म्हाईत हुतं. डॉक्टरांनी हेच सांगितलेलं. मी ते कानामागं टाकलेलं, आणि टोपीच्या नावानं रोज सकाळी डबा भरून गाडीत बसत हुतो. गाडी परत निघाली तवा मावशी शेजारी बसली. तिनं दारातनं सगळं ऐकलंतं. लक्ष्मी टेकडी आल्यावर म्हणाली, "कामाला म्हणून यायचीस व्हय गं तू? मला वाटलं पोरीच्या शाळंसाठी." मी म्हटलं, न्हाय. ती म्हणाली, "माझा भाऊ असाच पडून हुता. आम्ही बी सगळं केलं, दर्गा केला, झाडपाला केला. दवाखाना सोडून सगळं." पुढं काय झालं ते तिनं सांगितलं न्हाय आणि मी इचारलं न्हाय. तिनं माझा हात धरला आणि तिच्या स्टॉपवर सोडला.

घरी आल्यावर चप्पल पण काढली न्हाय आणि आत्याबाईंना म्हटलं, हाड बसवून घ्यायचं. त्या पोरगीला भरवत हुत्या. म्हणाल्या, "मामंजींना इचार." मी फोन लावला. मामंजी म्हणाले, कुणी डोक्यात घातलं हे तुझ्या? मी म्हटलं, कुणी न्हाय. म्हणाले, "काय झालं तर कोण जबाबदार?" मी म्हटलं, "मी." हा शब्द माझ्या तोंडातनं कसा गेला मलाच कळलं न्हाय. ते म्हणाले, मग तुझं तू बघ, मी येणार न्हाय, पोराला कापताना मला बघायचं न्हाय. आणि फोन ठेवला. हाक मारायला माहेरी पण कोण नव्हतं, आई गेलेली, भाऊ बेंगलोरला हाटेलात.

आधीच सांगून टाकतो, हाड बसलं. थोडं झिजलेलं, पण बसलं. मालक जगले. बोलत न्हाईत अजून, म्हंजे व्हय-न्हाय सोडून न्हाय. टोपीचं आता मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर बघाल्यात, कुणाला लावायची कुणाला न्हाय ते तेच ठरवणार, आणि मी अजून तिथंच दिवे तपासतो.

पण मला सांगायचं हुतं त्या सकाळचं. नर्सबाई वस्तरा घिऊन आली. आत्याबाई कॉटला आडव्या झाल्या. "बाप जित्ता हाय अजून, डोकं भादरायचं न्हाय." पहिल्या टायमाला कुणी इचारलंच नव्हतं, तवा हे बेशुद्ध हुते. नर्सबाई म्हणाली, "आज्जी, निम्मंच करायचंय. निम्म्याला काय हुत न्हाय. मला बारा पेशंट हाईत." आत्याबाई माझ्याकडं बघाय लागल्या. आजवर त्या असं बघायच्या ते मी गप बसावं म्हणून. आज मी काय तर बोलावं म्हणून बघाल्या हुत्या. मी म्हटलं, "करा." केस पडताना त्यांनी डोळ्याला पदर लावला. निम्मं झाल्यावर पोरगीला कडंवर घेतली आणि म्हणाल्या, मी हिला घिऊन घरी जातो, मला इथं थांबवत न्हाय. आणि गेल्या.

स्ट्रेचर नेलं. दारापाशी मी मालकांच्या कानात म्हटलं, मी हितंच हाय. त्यांनी डोळे फिरवून माझ्याकडं बघितलं, की दिव्याकडं बघितलं, सांगता येत न्हाय. दार लागलं. माझ्या हातात त्यांच्या चपला आणि शर्ट. बाकावर बसलो. आजूबाजूला माणसंच माणसं, एकेका पेशंटामागं अख्खं गाव आलेलं, डबे उघडालेत, मोठ्यानं बोलालेत, आणि माझ्याशेजारच्या जागंवर त्यांच्या पिशव्या. कुणाला तर फोन करावा म्हणून मी फोन काढला, नावं वर-खाली केली आणि परत ठेवला. श्वास वरच्यावर हुता. मोजून मोजून आत घ्यायचो.

मग दार उघडून एक माणूस आला, तोंडावर कापड. "डोक्याचं ऑपरेशन. सोबत कोण हाय?"

"मी हाय."

त्यानं माझ्या मागं बघितलं. "गडीमाणूस कोण न्हाय?"

"न्हाय. मीच आलोय."

"मग हितंच थांबा. हाक मारली की यायचं. हलू नका."

मी हललो न्हाय.